माळेची मावशी आणि चंद्रीचा पान्हा

आमच्या माळेच्या मावशीने येशूकडे थेट असे कधी काही मागितले नाही. मागायचे ते मरियामातेकडे, तेही जपमाळ ओढत. कोणी विचारले तर म्हणायची, "थोरल्या माणसाकडं काम असलं तर तुमी अर्ज घेऊन ओसरीवर बसता सांजपतोर. मी मागल्या दारानं सैपाकघरात जाते, त्याच्या आईपशी. ती ल्योकाच्या कानावर घालती." पुढाऱ्यांच्या ओसऱ्या आमच्या भागात सगळ्यांनीच झिजवलेल्या. त्यामुळे हे शास्त्र युसूफ वडगावात कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मावशी म्हणजे शेजारच्या शांताबाई. गावातले एकुलते एक कॅथलिक घर. उभी हयात सिस्टरांच्या दवाखान्यात स्वयंपाक करून म्हातारपणी गावी परतलेल्या. "ही देवाला सोडून आईलाच पूजती," असे कोणी म्हटले की मावशी चिडत नसे. "आई वाट हाय," म्हणायची. "वाटंला कुणी घर म्हणतं का? घर म्हंजी त्यो."

एका वर्षी दिवाळीनंतर आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला गेले. मी केजला कॉलेजात होतो. म्हणून आमची दुभती म्हैस, चंद्री, मावशीच्या दावणीला बांधली. धार काढायची आणि जपाची वेळ एकच. हात गुंतलेले, म्हणून मावशी माळ चंद्रीच्या शिंगाला अडकवायची आणि 'नमो मरिये'च्या लयीत दूध काढायची. दोघींचे छान जमले.

हंगाम संपवून आई परतली, हौसेने धारेला बसली, आणि चंद्रीने पान्हाच सोडला नाही. सरकी घातली, रेडकू लावले, डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, जनावर ठणठणीत आहे. शेवटी मावशी कुंपणापलीकडून आली, म्हशीच्या कानाशी उभी राहून पुटपुटली, आणि बादलीत धार वाजू लागली.

दादांनी बादलीत डोकावून बघितले. मग म्हणाले, "शांताबाई, तुमी माजी म्हैस बाटवली."

"पाणी शिंपडलं न्हाई, नाव बदललं न्हाई," मावशी म्हणाली. "ऐकून ऐकून शिकली बिचारी. तुमी तिच्याशी दोन शबुद बोलला असता, तर तुमचं शिकली असती."

प्रकरण पारावर गेले. म्हैस कोणत्या धर्मात धरायची, यावर जाणती माणसे जेवणवेळ टळेपर्यंत बोलली. मग ठरले की तिला अभंग ऐकवून बघावे. भजनी मंडळ गोठ्यात आले. पहिला टाळ वाजला आणि चंद्री दावे तोडून पाझर तलावापर्यंत पळाली. तिला परत आणल्यावर बुवा धापा टाकत म्हणाले, "धर्माचं मला म्हाईत न्हाई. पण म्हैस बेसूर हाय."

मग आईनेच प्रार्थना पाठ केली. भराभरा म्हणायची आणि चरवी भरली की उठायची. दूध सुरळीत सुरू झाले, दादा निवांत झाले, पण मावशीला ते लागले. "तू वाटंवरच बसून राह्यलीस," ती आईला म्हणाली. "पुढं चल की." ती आता धारेच्या वेळी शेजारी बसू लागली. प्रत्येक दहा मण्यांना एक प्रसंग सांगायची. बाळ गोठ्यात जन्मले ते, जत्रेत हरवले ते. क्रूस खांद्यावर देऊन त्याला नेले त्या प्रसंगाशी आईचे हात थांबले.

"आई व्हती तिथं?"

"व्हती. सगळं बघत व्हती."

माझा थोरला भाऊ फडावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता, आईच्या डोळ्यांदेखत. इतक्या वर्षांत तिने त्याचे नाव काढले नव्हते. त्या दिवशी गोठ्यात बसून तिने मावशीला सगळे सांगितले. चंद्री तेवढा वेळ हलली नाही. दादा दारात चहाची कपबशी घेऊन उभे होते, तेही हलले नाहीत.

पुढे मावशीचे गुडघे गेले. पुन्हा हंगाम आला, म्हैस सांभाळायला कोणी नाही, म्हणून दादांनी चंद्री सिरसाळ्याच्या बाजारात नेली. गुडघे धरत मावशीही टेम्पोत चढली. धर्मापुरीच्या एका मिशाळ गड्याने म्हैस पसंत केली आणि विचारले, "खोड काय हाय?"

दादा आकाशाकडे बघू लागले. मावशीने खोड सांगितली.

गडी हसला नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला. "म्हणा," म्हणाला. "भरून घेतो." मावशी पेंडीच्या पोत्यावर बसली आणि प्रार्थना, मधले प्रसंग, सगळे नीट सावकाश सांगू लागली. भोवती दलाल गोळा झाले, भाव करायचे थांबले. येशूने क्रुसावर प्राण सोडला आणि मोबाइलची जागा संपली.

"आरं, खरं तर पुढंच हाय," मावशी अस्वस्थ होऊन म्हणाली.

"पुढचं पुढल्या बाजारी," म्हणून गडी म्हैस घेऊन गेला.

पुढच्या बाजारापर्यंत मावशी राहिली नाही. झोपेतच गेली. फादर आले, गावातली माणसे जमली, तिला पुरले. आम्ही घरी येऊन टेकतो तोच दादांचा फोन वाजला. धर्मापुरीचा गडी होता.

"म्हैस चांगली हाय," तो म्हणाला. "पण जरा त्या मावशीला द्या. माजी आई रोज ऐकती. पोरगं मेलं एवढंच सांगून बाई का थांबली, म्हणून जेवंना झालीय."

दादांनी फोन आईकडे दिला. आईने पदराने तोंड पुसले.

"मावशी न्हाई आता," ती म्हणाली. "मी सांगते. तिसऱ्या दिशी उठला त्यो. कबरीपशी रडत बसलेल्या बाईला आधी दिसला."

तिकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग एका म्हातारीचा आवाज आला, "मंग त्याच्या आईला सांगितलं का कुणी?"

हे मावशीने आईला कधी सांगितले नव्हते. आईने क्षणभर डोळे मिटले.

"दुसरं कोन सांगंल," ती म्हणाली. "त्योच गेला असंल."