झेंडूची माळ घातलेली सवत

डोणगावात राजकुमार म्हटलं की लोक विचारतात, "पडदेवाला का?" हो, तोच. माझा नवरा. लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो की क्रिकेटची फायनल, आमचे हे पडदा बांधून प्रोजेक्टर लावतात. माणूस सरळ, निर्व्यसनी, कोणाला उलटून बोलणार नाही. सगळं कबूल. पण त्या प्रोजेक्टरने माझा संसार अर्धा खाल्लाय, हे कोणी सांगत नाही. लोक त्याला 'तो' म्हणतात. मी 'ती' म्हणते. सवतच ती.

चिखलीला जाताना जीपमध्ये मला मागे कोंबतात आणि तिला मांडीवर घेऊन पुढे बसतात. मला ताप आला तर "गोळी घे." तिच्या पंख्याचा आवाज जरा बदलला तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. तिच्या अंगावर तीन दिवे आहेत. एक चालू-बंदचा, एक बल्बचा, एक तापाचा. ऐकून ऐकून मलाही पाठ झालेत. सवतीची नाडी कळलेली बरी.

यंदा दसऱ्याला ह्यांनी तिची पूजा केली. हळदकुंकू लावलं, झेंडूची भरगच्च माळ घातली. मी नवी साडी नेसून समोर उभी.

"कशी दिसून राह्यली?" मी विचारलं.

"मस्त," हे म्हणाले, तिच्याकडे बघत.

अंगाची लाही लाही झाली. आजच्या दिवसात एकदा तरी ह्यांनी माझ्याकडे नीट पाहावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून संध्याकाळी हट्टाने सोबत गेले. विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता आणि समितीच्या नागसेनभाऊंनी पडदा सांगितला होता.

सिनेमा रंगात आला आणि पडदा काळा पडला. हे डोकं धरून खाली बसले. "लॅम्प गेला वं! आता कुठून आणू?"

मी वाकून पाहिलं. "लॅम्पले काही नाही झालं. बल्ब गेला की लागते तो दिवा बंद हाय. तापाचा लाल लुकलुकून राह्यला. तिचा श्वास कोंडला." गरम हवेच्या जाळीवरच माळ लोंबत होती. "काढा ते माळ!"

"अवं, दसऱ्याची माळ आज कशी काढू? उद्या उतरवतात!"

असं म्हणत हे प्लग ओढायला धावले. मी हात धरला. "पंखा फिरून राह्यला. आधी थंडी होऊ द्या तिले."

माळ मीच ओढून काढली. जाळीत अडकलेल्या पाकळ्या उपटताना बोटाला चांगलाच चटका बसला. पंखा थांबल्यावर प्लग काढला आणि बाजूचा फिल्टर उघडला, तर त्यात कापसाची फकी, बारीक धूळ, दाटून बसलेली. ह्यांनी तो झटकून परत बसवला, प्लग लावून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पडदा उजळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वैनी, तुमाले तर सारंच समजते!" नागसेनभाऊ म्हणाले.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "लय भाजलं का वं?" हे म्हणाले. इतका मऊ आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता. माझा सगळा राग कुठल्या कुठे पळाला. लाल झालेलं बोट मी पुढे केलं.

ह्यांचा हात तिच्या जाळीवरून फिरत होता.