माझ्या गावात समुद्र नव्हता

सहावीला मी नाशिकच्या शाळेत आले. आदिवासी मुलांसाठीच्या सरकारी योजनेतून तिथं जागा मिळाली होती. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात जिच्या मुलांचे फोटो लागायचे, अशी ती शाळा. योजनेतली वर्गात मी एकटीच. बाकीच्यांच्या घरी डॉक्टर, वकील, इंजिनियर.

रविवारी वसतिगृहाच्या फोनवरून पाच मिनिटं घरी बोलता यायचं. पहिल्याच रविवारी आय पलीकडून म्हणाली, "बेस आहास ना?" आणि मी रडत रडत बोलतच सुटले. मागे रांगेत उभ्या मुलीनं विचारलं, "कुठली भाषा गं ही?"

"कोकणी."

"अय्या, म्हणजे तू कोकणातली!"

आम्ही कोकणा जमातीचे, म्हणून आमची बोली कोकणी. आमचं गाव नाशिक जिल्ह्यातच, कळवणच्या पुढे, डोंगरात. समुद्र आमच्याकडे कुणीच पाहिलेला नव्हता. पण तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून मी मान हलवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गासाठी मी कोकणातली झाले होते. मग नकाशा उघडून किनाऱ्यावरची गावं पाठ केली. घर समुद्रापासून किती लांब, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चालत अर्धा तास."

तीन वर्षं हे निभावलं. सुट्टीवरून येताना आय नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी बांधून द्यायची. कुणाला दिसू नयेत म्हणून त्या मी बसमध्येच संपवायचे. रडू यायचं, पण खायचे.

नववीला गणिताला नव्या मॅडम आल्या, मालवणकडच्या. मुलींनी मला ओढतच त्यांच्यापुढे नेलं. "मॅडम, ही तुमच्याकडचीच!"

मॅडमचा चेहरा उजळला. "तुझा गाव खंयचा गो?"

मी पाठ केलेलंच म्हणाले, "समुद्रापासून चालत अर्धा तास." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मुलींना म्हणाल्या, "आमच्यापासून लांब आहे हिचं गाव. चला, वह्या काढा."

दुपारी त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "खरं कुठली तू?" मी सांगितलं. आता रागावतील म्हणून खाली बघत राहिले. त्या म्हणाल्या, "तुझ्या भाषेत बोल बघू काहीतरी."

मी आमच्या शेळीच्या पिल्लाबद्दल सांगितलं. बोलता बोलता पिल्लाचं, बाबांचं, नदीचं सगळंच आलं. त्यांना निम्मं कळलं असेल. मग त्या त्यांच्या मालवणीत आईबद्दल बोलल्या. मलाही निम्मंच कळलं. "इथं येऊन सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "घरातसुद्धा हे बोलायला कुणी नाही मला."

त्यानंतर शनिवारी शाळा सुटली की आम्ही बसायचो. त्या त्यांचं बोलायच्या, मी माझं. त्या वर्षी मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. दहावीत मात्र त्या नव्हत्या. नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी मी धीर करून मैत्रिणींना खरं सांगितलं. फोनच्या रांगेतली तीच मुलगी म्हणाली, "अगं, आम्हाला नववीच्या शेवटापासून माहीत आहे. तुझे बाबा भेटायला आले होते ना, तेच म्हणाले, कळवणहून एसटीनं आलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, हे मला कळत होतं. तरी त्यातल्या एकीनं एकदा जरी विचारलं असतं की तुझं गाव खरं कसं आहे, तर मी रात्र रात्र सांगत बसले असते.

आता मी नाशिकलाच नोकरी करते. कामाच्या गडबडीत गावी जाणं वर्षातून दोनदा. मागच्या खेपेला आयला काही सांगत होते, तर ती ऐकता ऐकता हसली. म्हणाली, मास्तरीणबाईवानी बोलतेस. मी पुन्हा आमच्या भाषेत सांगायला गेले. शब्द आठवायला थांबावं लागलं. आय चुलीपुढे बसून वाट बघत राहिली.