नाव घासायचं नाही

समोर भांडं आलं की मॅडम आधी ते फिरवून बघायच्या. पाण्याचा पेला असो नाहीतर कुणाच्या घरची पोह्यांची ताटली असो. चष्मा कपाळावर सरकवायच्या, भांडं उजेडाकडे धरायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या, "चि. प्रशांत यास मामांकडून. अरे वा! मामा कुठले?" यजमान मामांची माहिती सांगत बसायचे आणि पोहे गार व्हायचे.

तुम्ही म्हणाल, वकीलबाईंना भांड्यांचं काय पडलंय? भांड्यांचं काही नव्हतं, त्यांना अक्षर दिसलं की राहवायचं नाही. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, पार्किंगच्या पावतीची मागची बाजू, सगळं तळापर्यंत वाचायच्या. "लिहिणाऱ्यानं कष्ट घेतलेत गं," म्हणायच्या, "कुणीतरी वाचायला नको?"

मी ज्युनिअर म्हणून त्यांच्या ऑफिसात गेले, त्या पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उचललं. "सौ. सुलचना हिस सप्रेम बेट." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही सुलचना कोण? आणि बेट कुठलं?"

सांगावं लागलं. माझे अब्बा भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. शिक्षण तिसरी. चिठ्ठीवरचं अक्षर चित्रासारखं उतरवायचे, त्यामुळे चिठ्ठी गिचमिड असली की चूक ठरलेली. त्यांचा नियम एकच होता: "नाम गलत, तो बरतन अपना." चुकलेलं भांडं ते मजुरीत वळतं करून घरी आणायचे. आमच्या एका खोलीत आमच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. आम्ही पाच जण परक्यांच्या ताटांत जेवायचो. लग्नसराई संपली की ताटं भरपूर आणि वाढायला थोडं. अम्मी दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापायला जायची. मी दुसरीत असल्यापासून पायरीवर बसून अब्बांना चिठ्ठ्या वाचून दाखवायचे, आणि वाचायला मी खरं तर तिथंच शिकले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

मॅडमनी झाकण नीट परत लावलं. "म्हणजे तपासनीस आहेस की! उद्यापासून माझे मसुदे आधी तू वाचायचे."

त्यांच्याकडे विंचूरच्या वाइनवाल्यांची लेबलं यायची, अंबडच्या कारखान्यांचे करार यायचे. सॉफ्टवेअरचे परवाने मात्र चुकून आले. एका कारखानदाराला कुणीतरी पन्नास पानांचं इंग्रजी लायसन दाखवून घाबरवलं होतं. तीन वकिलांनी ते चाळून परत दिलं, मॅडमनी वाचून काढलं. तेव्हापासून असं काही आलं की लोक म्हणायचे, त्या बाईंकडे जा, त्या वाचतात.

असेच एक मशीनवाले भाऊ आले. त्यांचं मशीन कांद्याची प्रतवारी करायचं. कॅमेरा कांदा बघणार, सडका बाजूला टाकणार, चांगला आकारानुसार वेगळा करणार. परदेशातल्या एका कंपनीला ते हवं होतं, पण तिची अट होती की, मशीनमधल्या सॉफ्टवेअरचे सगळे परवाने पाळलेत असं वकिलाचं पत्र द्या.

"फ्रीचं सॉफ्टवेअर हे ना मॅडम, नेटवरून घेतलेलं," भाऊ म्हणाले. "फ्रीला कसली आलीय अट?"

"फुकट वेगळं, मोकळं वेगळं, भाऊ. गाय मोकळी फिरते, म्हणून कुणी घरी नेऊन बांधत नाही."

त्यांनी भाऊंना समजावलं. हा प्रोग्रॅम वापरायला, बदलायला, विकायलासुद्धा मोकळीक आहे. पण दुसऱ्याला देताना ज्यांनी तो लिहिला त्यांची नावं तशीच ठेवायची, आणि आपण केलेल्या बदलांसकट मूळ कोडही द्यायचा.

त्याच आठवड्यात मॅडमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीच कमी दिसायचं. भाऊंच्या फाइली तपासायचं काम माझ्यावर आलं. मी काय केलं? भाऊंच्या प्रोग्रॅमरला फोन लावला. तो म्हणाला, "सगळं नीट हे, ताई." मी पत्र टाइप केलं.

"फाइली बघितल्यास?" मॅडमनी विचारलं.

"हो."

त्यांनी चाचपडत सही केली. पत्र अंबडला भाऊंच्या कारखान्यात गेलं.

पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागावं? भाऊंच्या फाइली. म्हणाल्या, नवा डोळा आहे, चालवून बघते. मी शेजारी उभी होते. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर फक्त भाऊंच्या कंपनीचं नाव. लायसनची फाइल गायब. मॅडमनी नेटवरचा मूळ प्रोग्रॅम उघडून शेजारी ठेवला. तिथं नावंच नावं होती. लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'खालची नावं वाचावीत तशी मॅडम ती वाचत गेल्या. "हा बघ, यानं सातच ओळी लिहिल्यात. पण नाव घातलंय." मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "तू बघितल्या नव्हत्यास."

त्यांची सही खोट्या कागदावर होती आणि ती मी घेतली होती. सनद मिळून मला वर्षही झालं नव्हतं.

"पर्स घे," त्या म्हणाल्या.

स्कूटरवर मी पुढे, त्या मागे, अशा आम्ही अंबडला गेलो. भाऊंनी पत्र अजून पाठवलं नव्हतं, सोमवारी पाठवणार होते.

"प्रोग्रॅमरनं नावं पुसली असतील, मॅडम. पण कोण बघतंय?"

"मी बघितलं ना. एक जण झाला."

भाऊंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही त्या कंपनीला सांगणार?"

"छे! तुमचं गुपित माझ्या पोटात राहील. पोटात जागा बघा केवढी आहे." खरंच थोपटून दाखवलं. "चुगली करायची नाही आणि खोटंही बोलायचं नाही. आमची वाट या दोन्हीच्या मधून जाते, भाऊ. लय अरुंद. पोट आत घेऊन चालावं लागतं. माझी सही तेवढी परत द्या."

"दुसरा वकील पत्र देईल."

"देईल. मला त्याचं नाव सांगू नका."

भाऊ जागचे हलेनात. बाजूला मशीनची चाचणी चालू होती, कांदे धडधडत होते. मला काय झालं कोण जाणे, मी मध्येच बोलले. "भाऊ, माझे वडील भांड्यांवर नावं घालतात. आहेरात आलेलं भांडं आपण वापरतो, त्यात रांधतो, दुसऱ्याला वाढतो. त्याच्यावरचं नाव घासतो का?"

"मूळ कोड दिला तर उद्या समोरचा माझंच मशीन बनवेल, ताई."

"तुमचे रोलर, तुमची माणसं, कांद्यात घालवलेली वर्षं, ती कुठल्या फाइलीत आहेत?" मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी कपाट उघडून पत्र दिलं. निरोपाचा चहा काही मिळाला नाही.

परतताना मी विचारलं, "मला काढणार का?"

"गाडी चालव. तू वाचलं नाहीस, मी तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर सही केली. दोघी नापास. नाव चुकलं की भांडं आपलं, तुझ्या अब्बांचा नियम आहे ना?" थोड्या वेळानं मागून आवाज आला. "ते आहेराचं भारी बोललीस. उद्यापासून माझं म्हणून सांगणार." पुढच्या चौकात पुन्हा आवाज. "नको गं. तुझं नाव घेऊन सांगीन. नाहीतर मीच चोर."

आणि तसंच सांगायच्या. अशिलासमोर, वकिलांच्या सभेत, एकदा तर रिक्षावाल्यालाही. "हे वाक्य माझं नाही हं, या पोरीचं," म्हणून मला पुढे ढकलायच्या. मी लाजून अर्धी व्हायचे. आजवर माझ्या नावाला एवढं जपणारं मी दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

दहा दिवसांनी भाऊ प्रोग्रॅमरला घेऊन आले. त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं. "काय काय करायचं ते सांगा," भाऊ म्हणाले. आम्ही दोन दिवस बसून एकेक नाव जागेवर लावलं. मॅडम तपासत होत्या आणि प्रोग्रॅमरला म्हणत होत्या, "वेलांटी बघ रे, कुणाच्या तरी आईबापांनी ठेवलेलं नाव आहे."

"मॅडम, इंग्रजीत वेलांटी नसते."

"मग स्पेलिंग बघ!"

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा. दवाखान्यात संमतीचा छापील कागद समोर आला, तेव्हा तो शेवटपर्यंत वाचून त्यांनी डॉक्टरांना दोन शंका विचारल्या आणि मग सही केली. डॉक्टर म्हणाले, हा कागद इतका मोठा आहे हे मला आजच कळलं.

ऑफिस मी चालवते. भाऊंचं ते मशीन परदेशी गेलं, त्यानंतर आणखी गेली. प्रत्येकाबरोबर मूळ कोड जातो, सगळी नावं जातात. पत्र मी लिहिते, फाइली स्वतः उघडून बघते आणि सही करते. आजवर माझं एकही पत्र मला परत घ्यावं लागलेलं नाही.