सावद्याच्या फियाटची उचकी

"नाना, हा मेला," मी म्हटलं. "याला आता हात लावण्यात अर्थ नाही."

सावद्याच्या नानांच्या जुन्या फियाटचा डिस्ट्रिब्युटर माझ्या हातात होता. कोणत्या प्लगला कधी ठिणगी द्यायची, ते हा ठरवतो. पंगतीतला वाढपीच समजा. त्याचा शाफ्ट एवढा झिजला होता की बोटाने हलवला तरी डुलायचा. वाढपीच झोकांड्या खायला लागला तर पंगत उपाशीच उठणार. गाडी सुरूच होत नव्हती.

जळगावात मी जन्मभर ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय. गिऱ्हाईक घासाघीस करतं, आरडाओरडा करतं, त्याची सवय आहे. नाना तसलं काहीच करेनात. स्टूल ओढून बसले.

"मिस्तरी, हे गाडी नाही चालली तर अक्का मले वयखत नाही," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची बायको. तिचा विसरण्याचा आजार वाढत चालला होता. घरात ती नवऱ्याला "पाव्हणे" म्हणायची. पण संध्याकाळी फियाटमध्ये शेजारी बसली, गाडी केळीच्या मळ्याच्या रस्त्याला लागली, की म्हणायची, "अहो, औंदा केयी चांगली आली." तेवढा फेरा नाना तिचा नवरा असायचे. मुलाच्या नव्या गाडीत तिला बसवून पाहिलं, तर दार उघडून उतरायला लागली.

मी धुळ्याची बस धरली.

या गाडीचा नवा डिस्ट्रिब्युटर कुठे मिळत नाही. धुळ्याच्या भंगारवाल्याकडे जुना एकच निघाला. शाफ्ट अजिबात डुलत नव्हता. व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून हवा ओढली, आतला रबरी पडदा शाबूत. मग शाफ्ट घट्ट धरून वरचा रोटर पिळला. तो थोडा फिरून स्प्रिंगने मागे यायला हवा. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी थोडी लवकर पडावी, म्हणून ती सोय असते. रोटर दगडासारखा गच्च.

"घट्ट शे म्हणजे नवा शे!" भंगारवाला म्हणाला. "डोया झाकीसन लई जा, भाऊ."

"डोळे झाकून घ्यायला मी काय लग्नाला उभा आहे?" मी म्हटलं. उघडून पाहिलं तर वेगाबरोबर रोटर सरकवणारी आतली वजनं वेल्डिंग करून टाकलेली! मला लगेच कळलं. आमच्याकडे काही जण मोटारीचं जुनं इंजिन मळ्यात पाणी उपसायला लावायचे. पंपाला वेग एकच, मग वजनं हलायची गरजच काय? द्या चिकटवून! असला जुगाड खानदेशातच सुचतो. शिव्या घातल्या आणि तोच घेतला. दुसरा होता कुठे?

गॅरेजमध्ये वेल्डिंग कानशीने घासून काढलं. वजनं आणि स्प्रिंगा नानांच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमधून काढून यात घातल्या. पॉइंटचा गॅप लावला. ठिणगी वेळेवर पडते का ते बघायला टायमिंग लाइट मारला, तर पुलीवरची खूण जागच्या जागी. रेस केली, खूण हवी तेवढी सरकली. इंजिन असं चालायला लागलं की बॉनेटवर चहाचा कप ठेवावा. खरं सांगतो, मी खूश झालो होतो.

नाना अक्कांना घेऊन आले. धुतलेलं पातळ, डोक्यावर पदर. नानांनी चावी फिरवली. अक्का थोडा वेळ कान देऊन बसल्या. मग दाराची मूठ चाचपायला लागल्या.

"हे आपली गाडी नाही. पाव्हणे, मले घरी सोडा."

आधी मला कळेना. मग नानांनीच सांगितलं. "ते उचकी गेली ना, मिस्तरी."

झिजलेल्या शाफ्टमुळे ती गाडी कित्येक वर्षं चुकत चालायची. तीन ठोके नीट, एक गाळलेला. बिघाड होता तो! आणि अक्कांना नवरा ओळखायला तेवढाच पुरत होता. जुना डिस्ट्रिब्युटर परत बसवावा तर त्याच्यावर गाडी मुळात सुरूच होत नव्हती.

मग मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. चांगलं लावलेलं टायमिंग हाताने बिघडवलं. ठिणगी उशिरा पडेल असं केलं, गॅप वाढवला. इंजिन खोकलं, धापा टाकायला लागलं. पण ती उचकी काही येईना. प्रत्येक वेळी अक्का डॅशबोर्डवर हात ठेवून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. चौथ्यांदा रडायलाच लागल्या.

"राहू दे," नाना म्हणाले. "नीट करून दे. खराब गाडी काय कामाची?"

मी सगळं पुन्हा नीट लावून दिलं.

ती फियाट आजही एक नंबर चालते. नाना एकटेच मळ्यात चक्कर मारून येतात. शेजारची सीट रिकामी असते.

आता माझ्याकडे जुनी गाडी आली की काय बिघडलंय ते मी नंतर विचारतो. काय तसंच ठेवायचंय, ते आधी विचारून घेतो. गिऱ्हाइकं हसतात.