चंद्रभागा आत्याची सही

माझी आत्या चंद्रभागा लग्नाच्या भिंती रंगवायची. आदिलाबाद जिल्ह्यात बोथपासून बाजारहत्नूरपर्यंत आमच्या बौद्ध वस्त्यांत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी तिला निरोप जायचा. सामान म्हणजे गेरू, चुना, नीळ आणि तव्याची काजळी. शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला हातात घेतला की ती दिवस मावळेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, वर पिंपळपानांची वेल आणि मधे एक चौकट. त्या चौकटीत नवरा-नवरीची नावं यायची, पण ती तिला लिहिता येत नव्हती. म्हणून चौकट कोरी सोडून ती मला बोलवायची. मी, खुशाल, जवळच्याच मराठी शाळेत मास्तर. त्या अख्ख्या भिंतीत वाईट काही असलंच तर ते माझं अक्षर.

सत्त्याऐंशी साली हैदराबादहून एक मॅडम आल्या. वर्षभर जीपमधून फिरून त्यांनी आत्याच्या भिंतींचे फोटो काढले. त्यांचं पुस्तक करायचं होतं. जाड कागदाचं, इंग्रजी, फक्त दीडशे प्रती, प्रत्येक प्रतीवर नंबर आणि चित्रं काढणारीची सही. शौकीन लोक असली पुस्तकं कपाटात जपून ठेवतात, असं त्यांनी हिंदीत समजावलं. आत्याला त्यातलं एकच कळलं, सही.

आमच्या विहारात एक काळा फळा होता. ज्याचा अंगठा सुटला त्याला बाबासाहेबांच्या जयंतीला सगळ्यांसमोर सही करून दाखवावी लागे, आणि मग त्याचं नाव पांढऱ्या रंगानं त्या फळ्यावर चढे. आमच्या आज्यापणज्यांनी पटवारी दाखवील तिथं अंगठा टेकवला आणि होती नव्हती ती जमीन घालवली. त्यामुळे त्या फळ्यावरचं नाव म्हणजे आमच्याकडे फार मोठी गोष्ट होती. आत्या अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी तिचं नाव तिथं नव्हतं.

"खुशाल, मले सही शिकव," ती म्हणाली. "पुस्तकात आंगठा नाई पायजे मले."

दोन महिने लागले. हत्तीची सोंड एका ओढीत काढणारी बाई 'भ'पाशी अडायची, पाटी पुसायची, स्वतःवरच चिडायची. पण चौदा एप्रिलला तिनं विहारात सही केली. वस्तीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि विहार समितीच्या बाबारावांनी तिचं नाव फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी माझी छाती दोन बोटं फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात मॅडम दीडशे सुटे कागद आणि वर दहा जास्तीचे घेऊन आल्या. आत्यानं पाटावर बसून चार कागदांवर सही केली. मॅडमनी वाकून पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ये क्या है? अंगूठा चाहिए."

त्यांनी मला बाजूला घेतलं. सही काय, कोणीही करतं, म्हणाल्या. निरक्षर कलावंताचा अंगठा, त्यालाच तर मोल आहे. पुस्तकात तसं छापूनही झालंय. वर हसून म्हणाल्या, मास्तरजी, आभारात तुमचंही नाव घातलंय.

त्या बाईला तेव्हाच जीपमध्ये बसवून गावाबाहेर काढायला हवं होतं. आजही आठवलं की माझं डोकं तापतं, आणि तिच्यापेक्षा जास्त माझ्यावर तापतं. इंग्रजी पुस्तकात माझं नाव येणार, एवढ्यावर मी विरघळलो. मी आत्याजवळ जाऊन म्हणालो, "मार ना आंगठा. दीडशे सह्या करता करता हात दुखन तुह्या."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तूच म्हणून राह्यला हे?"

मी मॅडमचं शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. तिनं दीडशे अंगठे मारले. तिच्या चार सह्या मॅडमनी फाडून चुलीत टाकल्या. आठवडाभर आत्याचा अंगठा काळा होता आणि वस्तीनं तो पाहिला. मग ती विहारात गेली. "माह्यं नाव पुसा," असं बाबारावांना म्हणाली. ते तयार होईनात, तेव्हा तिनं घरून गेरू आणला आणि आपल्याच नावावर फासला. त्यानंतर चौकटीतली नावं लिहायला तिनं मला कधी बोलावलं नाही. बाबारावांची पोरगी लिहायची.

एक प्रत घरपोच द्यायचं मॅडमनी कबूल केलं होतं. ती आली नाही. मी नऊ पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. चार वर्षांनी कळलं की आदिलाबादेत एका सरकारी कचेरीत ते पुस्तक काचेच्या कपाटात ठेवलंय. मी आत्याला सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल. पण ती लुगडं बदलून निघाली.

कारकुनानं आधी बाहेरच थांबवलं. शेवटी साहेबांनी कपाट उघडलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बजावलं, हात लावायचा नाही, रेअर किताब आहे. चित्रं बनवणारी हीच बाई, असं मी सांगितलं. त्यावर ते आत्याकडे न बघताच म्हणाले, "अच्छा, अच्छा." पहिल्या पानावर तिचा अंगठा होता आणि खाली पेन्सिलीनं एकतीस नंबर.

"बाजूले काय लिवलं हाय?" आत्यानं विचारलं.

मी वाचून सांगितलं. "हिला लिहिता-वाचता येत नाई, असं हाय."

"अन् तुह्यं नाव?"

"हाय. मागच्या पानावर." साहेबांनी पानं चाळून दाखवताना ते मला दिसलं होतं.

तिनं साहेबांच्या टेबलावरचा पेन उचलला. काय होतंय ते कळेपर्यंत ती अंगठ्यावर आडवी सही करायला लागली होती. साहेब ओरडले, कारकून धावला. आत्यानं डावा हात पानावर दाबून धरला आणि शेवटच्या कान्यापर्यंत सावकाश लिहिलं, चंद्रभागा. सरकारी माल खराब केला, याचा जबाब कोण देणार, असं साहेब मलाच विचारत होते.

आत्यानं पेन माझ्या हातात दिला. "माह्यं झालं. आता तू तुह्यं नाव खोड."

साहेबांचा हात पुस्तकावर यायच्या आत मी मागचं पान उलटलं आणि कागद फाटेपर्यंत माझं नाव खोडलं.