सगळ्यात वरचा चौकोन

केडगावच्या भाड्याच्या खोलीत बसून माधुरी शेतकऱ्यांच्या एका अ‍ॅपचं पान मांडायची. गावोगावचे लोक त्यावर फोटो, मजकूर टाकत. त्यातून यंत्र आपोआप शीर्षक लावून चौकोन बनवी. दुधाचा भाव, कांद्याची आवक, लग्न, वाढदिवस. कोणता वर, कोणता खाली, कोणता काढायचा, एवढंच तिच्या हातात. मांडताना फोटो दिसत नसत, नुसती शीर्षकं. फरशी बसवल्यासारखं काम.

एक नियम मात्र तिचा स्वतःचा. तिचे वडील भीमराज, म्हणजे अण्णा, सोनईच्या दूध संस्थेत होते. तिथली कुठलीही सभा आधी गेलेल्यांना श्रद्धांजली वाहून सुरू व्हायची. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तिनं ते पाहिलेलं. म्हणून श्रद्धांजलीचा चौकोन आला की ती तो सगळ्यात वर न्यायची. कोण गेलं, हे बघत नसे.

त्या सकाळीही नेला. मग सवयीनं मोबाईलवर अ‍ॅप उघडलं. वर अण्णा होते. डोक्याला फेटा, गळ्यात हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

तिनं लगेच अण्णांना फोन लावला, उचलेनात. आईही उचलेना. काल त्यांच्या निवृत्तीचा सत्कार होता, हे तिला आठवलं, पण सत्कारानंतर काय झालं असेल, हेच डोक्यात घुमत राहिलं. रडू येईना. ही बातमी तिच्याच बोटानं वर गेली होती.

शेवटी फोन लागला. "बोल की," अण्णाच म्हणाले.

तिनं काही विचारायच्या आधीच ते सांगू लागले. गोठ्यात धार काढत होते, फोन घरात. दारात माणसं जमलीत. शेजारचा छगन रडतच आला, आणि यांना बादली घेऊन येताना बघून ओट्यावरच बसला. आई सगळ्यांना चहा करतेय. संस्थेनं सत्काराचा फोटो टाकला होता, खाली 'सेवा संपली' असं लिहून. हार आणि 'संपली', यंत्राला तेवढं पुरलं.

"यंत्राचं सोड," अण्णा म्हणाले. "पर इतकं वर कुनी लावलं गं?"

"मी. तुमच्या सभेत असायचं तसं."



फोन स्पीकरवर टाकून तिनं अ‍ॅपमधल्या त्यांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं. काढायचा चौकोन थरथरतो, तसा तो थरथरू लागला. बोट उचलवेना.

"हायेस ना गं तू?" अण्णांनी विचारलं.

"आहे."

"मंग काढ मला तिथनं."

तिनं काढलं. त्या जागी खालून दुधाचा भाव सरकत वर आला.