चुलीवरून घरं मोजणारा आमचा दादा

माझा थोरला भाऊ धर्मराज कोन गावच्या आमच्या आळीतला पहिला मॅट्रिक. छप्पन साली त्याला पनवेलला सरकारी पाहणीत नोकरी लागली. गरीब घरांत जाऊन वर्षाची मिळकत विचारायची आणि लिहून न्यायची. मुंबईचे साहेब मग ती घरं कमीपासून जास्तीपर्यंत मांडून बघत, किती जण अगदी तळाशी आहेत ते. घरं चिठ्ठ्या टाकून ठरत. निघालेलं घर बदलता येत नसे. आणि एका चुलीवर जेवतात ते एक घर, असा नियम.

त्या खेपेला चिठ्ठी निघाली आमच्याच काशिरामकाकाची.

काका मिठागरावर मुकादम. ओटीवर बसून म्हणाला, "लिव. आमी सात मानसं, येकच घर."

"मंग मागच्या पडवीत धूर कसला, काका?" दादाने विचारलं.

तिथे सोनावहिनी राहायची, काकाच्या वारलेल्या मुलाची बायको. मिठाच्या पाट्या वाहायची आणि आपलं आपण शिजवायची. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, पण कागदावर यायला काकाला नको होतं.

"तिला आमच्यातच धर. सायेब झालास तं घर फोडतंस? येगली लिवलीस तं माजा उंबरा चढू नको."

आम्हाला वडील नव्हते. दादाला शाळेत घातलं ते काकानेच. दादाचा चेहरा उतरला. मी दाराशी उभी होते, मनातल्या मनात गावदेवीला हात जोडले.

दादा हळूच म्हणाला, "काका, सगल्या वाफ्यांचं मीठ मापायच्या आधीच येका राशीत टाकलं, तं कंचा वाफा पिकला नाय ते तुमाला कलंल काय? वयनीला तुमच्यात धरली तं तिचं पोट कागदावर भरंल. पडवीत नाय भरनार."

आतून वहिनीच बाहेर आली.

"भावजी, माजं येगलं लिवा. राबतंय आनि शिजवतंय, चोरी नाय करत."

काका पाय आपटत निघून गेला. पुढे वर्षभर तो आमच्याशी बोलला नाही. दादाला ते फार लागलं. पण त्या दुपारी त्याने दुसरा कागद काढला, पडवीत वहिनीसमोर मांडी घातली आणि साहेबी थाटात विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

वहिनीने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मग पदर सावरून ती म्हणाली, "सोनाबाई."

दादाने तसंच लिहिलं. असा भाऊ देवाने मला दिला.